मोकळी बंदूक

सुज्ञ वाचकहो, या कथेत मी एका बंदुकीची, एका प्रमाणपत्राची आणि एका शब्दाची हकिकत सांगणार आहे. बंदूक जुनी होती, प्रमाणपत्र नवे होते, आणि शब्द तर आपण सर्वजण रोज उच्चारतो इतका साधा होता. या तिघांची गाठ एका घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, दसऱ्याच्या सकाळी कशी पडली, ते मी आरंभापासून क्रमाने लिहितो. काही झाकणार नाही आणि काही वाढवणार नाही. घरात बंदूक बाळगावी काय, आणि ती चालवण्याचे रीतसर शिक्षण घेतले असता तिचे भय नाहीसे होते काय, हा प्रश्न ज्यांच्या मनात असेल त्यांनी ही कथा शांत चित्ताने वाचावी, अशी विनंती आहे.

राजापूरहून घाटाच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला, सडा म्हणतात त्या कातळाच्या विस्तीर्ण पठाराखाली, तळेकोंड नावाची बारा घरांची वाडी आहे. तेथे केरू घडशी हा पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी राहत असे. घरात माणसे तीनच. केरू, त्याची पत्नी गंगा आणि ऐंशीच्या घरात पोहोचलेले त्याचे वडील दादू. धाकटा भाऊ दीपक मुंबईत नोकरीला होता. तो गणपतीला आणि शिमग्याला येत असे.

भाद्रपद सरला, ओढ्याकाठच्या मळ्यात भात पोसवले, आणि त्याचबरोबर रानडुकरे उतरू लागली. एके सकाळी केरू आणि गंगा मळ्यात गेली तेव्हा अर्धे शेत झोपलेले होते. डुकरांनी खाल्ले त्याहून लोळवले अधिक होते. चिखलात खुरांची भोके पडली होती आणि त्या भोकांत लोंब्या रुतून काळ्या झाल्या होत्या. दोघे वाकली. जी रोपे मुळापासून तुटली नव्हती ती चार-चार एकत्र धरून गवताच्या वेठाने बांधू लागली. पाठीला ऊन चटके देत होते, पायांना चिखल गार लागत होता, आणि भाताची पाती मनगटांवर बारीक रेघा ओढत होती.

“सोमवारी मी रत्नागिरीस जातंय,” केरू मान वर न करता म्हणाला. “दोन दिवस. बंदुकीचं शिक्षण हाय.”

“बंदुकीचं कसलं शिक्षण? मामंजी काय शाळंत जाऊन शिकले?”

“म्हणून तर! आता कायदा बदललाय गो. बाबांचा परवाना माज्या नावावर व्हायचा तर प्रमाणपत्र लागतं.”

“मंग नको नावावर करायला. देऊन टाका सरकारला.”

“आनि डुकरं आली की तू काय आरती घेऊन उभी ऱ्हाणार?”

गंगा हसली नाही. तिने बांधावरच्या मालनकडे पाहिले. मालन ही शेजारची विधवा. सहा वर्षांपूर्वी हाकाऱ्याच्या शिकारीत तिचा नवरा करवंदीच्या जाळीत उभा असताना डुक्कर समजून मारला गेला होता. ती गवत कापत होती. तिने सर्व ऐकले होते.

“गंगा काय खोटं नाय बोलत, केरूभाऊ,” मालन विळा न थांबवता म्हणाली. “माज्या माणसाला मारलंन तो काय नवशिका होता? चाळीस वर्सं बंदूक होती त्याच्याकडं.”

“चाळीस वर्सं होती, पन शिकला कुठं होता तो? तेच तर सांगतंय. शिकलेला असता तर आदी बगितलंन असतं, मंग चाप ओढलान असता.”

मालनने भारा डोक्यावर घेतला आणि ती निघून गेली. केरूला वाटले की आपला मुद्दा खरा ठरला.

आता त्या बंदुकीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. ती ठासणीची होती. तिच्यात काडतूस जात नसे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, काथ्याचा बोळा लोखंडी गजाने ठासायचा, मग छरे, आणि पुन्हा बोळा. मागच्या टोकावर पितळेची लहानशी केप बसवायची. घोड्याने ती केप फोडली की आतली दारू पेट घेई. एकदा भरलेला बार पुन्हा उपसून काढणे किचकट असल्यामुळे दादू फक्त केप काढून घेई, ती पानाच्या चंचीत ठेवी, बंदूक ओटीवरच्या खुंटीला टांगी आणि म्हणे, “मोकळी केली.” नळीत बार असो वा नसो, केप निघाली की दादूच्या लेखी बंदूक मोकळी होती. घरात हा शब्द याच अर्थाने चालत असे.

आत खरोखर काही आहे की नाही, हे पाहण्याची रीत निराळी होती. नळीत गज सोडायचा. गजावर दादूने कानशीने एक खाच पाडलेली होती. ती खाच नळीच्या तोंडाशी टेकली तर नळी रिकामी. गज चार बोटे वर राहिला तर आत चार बोटे बार. केरूने लहानपणापासून वडिलांना हे करताना पाहिले होते. तथापि दादूने ते कधी शब्दांत सांगितले नव्हते आणि केरूने कधी विचारले नव्हते.

सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने केरू रत्नागिरीस गेला. गावाबाहेरच्या एका मैदानावर बावीस माणसे जमली होती. मैदानाच्या शेवटी लाल मातीचा उंच बांध घातलेला होता आणि सर्व बार त्या मातीत जिरत होते. शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. आवाज खणखणीत, मिशी पांढरी. त्यांनी काडतुसाची बंदूक मधून मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडून, दाखवली.

“बंदूक हातात आली की पहिलं काम काय? ती भरलेलीच आहे असं समजायचं. कोणी कितीही सांगू दे. सख्ख्या बापानं सांगितलं तरी उघडायची. आत बोट घालायचं. नळीतून उजेड दिसला की मोठ्यानं म्हणायचं, मोकळी! आणि तोंड कायम जमिनीकडे. कुठे?”

“जमिनीकडे!” बावीस जण ओरडले.

एकेकाने उठून बंदूक उघडायची, डोळ्याला लावायची आणि आरोळी द्यायची. केरूची पाळी आली तेव्हा त्याने नळीच्या टोकाशी आभाळाचा एक गोल तुकडा पाहिला. त्याला फार स्वच्छ वाटले. “मोकळी!” तो इतक्या जोराने ओरडला की सुभेदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. इयत्ता सातवीनंतर त्याच्या पाठीवर अशी थाप पडली नव्हती.

दुपारच्या आधी सुभेदारांनी विचारले, “घरी कोणाकडे कोणती आहे?” केरूने हात वर केला आणि सांगितले, “ठासणीची.”

“ठासणीची? अरे बाबा, ती संग्रहालयात ठेवा आता!” सुभेदार चांगल्या मनाने म्हणाले, पण सर्वजण हसले. मागून कोणीतरी शिंगे फुंकल्यासारखा आवाज काढला. केरूला विचारायचे होते की माझी बंदूक मोडत नाही, तिच्यातून उजेड दिसत नाही, तर ती मोकळी आहे हे मी कसे ओळखावे. त्याचे कान गरम झाले. त्याने हात खाली घेतला आणि तो प्रश्न विचारला नाही.

जेवताना त्याच्या शेजारी पावसचे अयूब बसले होते. त्यांची हापूसची बाग होती आणि माकडांनी त्यांना हैराण केले होते. त्यांनी डबा उघडून तळलेल्या बांगड्याचा अर्धा भाग केरूच्या भाकरीवर ठेवला.

“घ्या हो, लाजू नका. हफीजानं दिलंन. तिला बंदुकीचा येवडा राग, पन बांगडा मात्र चांगला तळलान.”

“आमच्यात पन तसंच हाय,” केरू म्हणाला. “बायकांना काय समजत न्हाय त्यातलं.”

अयूब विचारात पडले. दुपारच्या वर्गात ते उठून उभे राहिले. “सर, एक विचारू? बंदूक मी चालवनार. पन मी दिवसभर बागेत. घरात हफीजा ऱ्हाते. मंग शिकवायचं कोनाला, मला की तिला?”

मैदानावर मोठा हशा झाला. कोणीतरी म्हणाले, “वहिनींना शिकवलंत तर तुम्ही घरी जाऊ नका!” सुभेदारही हसले आणि म्हणाले, “प्रमाणपत्र परवाना ज्याच्या नावावर त्यालाच मिळतं.” केरूही हसला. इतरांवर हसले जात असताना त्याच्या कानांची आग निवत होती, म्हणून तो जरा जास्तच हसला.

मंगळवारी संध्याकाळी तो प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आला. दादू ओटीवर सुपारी कातरत बसला होता. त्याचे हात आता थरथरत असत, त्यामुळे सुपारीचे तुकडे लहानमोठे पडत.

“काल तिन्हीसांजेला डुकरं आलीवती,” दादू म्हणाला. “मी बंदूक ठासली आनि खळ्यात उतरलो. तवर मालननं डबा वाजवलान आनि ती पळाली.”

“मंग? बंदूक?”

“बंदूक काय, मोकळी करून टांगलीय.”

“मोकळी केलीत ना नक्की?”

“अरे मेल्या, आज शिकवतोस मला? मोकळी म्हंजे मोकळी.”

दोन दिवस तो शब्द केरूने आभाळाच्या गोल तुकड्यासकट ऐकला होता. आता त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ आहे हे त्याच्या ध्यानातच आले नाही. वडिलांचे म्हणणे त्याने ऐकले, आणि ते सुभेदारांच्या अर्थाने मनात ठेवले.

दोन दिवसांनी दसरा आला. केरूने खळ्यात पाट मांडला. त्यावर नांगराचा फाळ, कोयता, विळे, कुऱ्हाड आणि मधोमध बंदूक ठेवली. नीट दिसावा म्हणून गज काढून तिच्या बाजूला ठेवला. शेवटी प्रमाणपत्र फाळाला टेकवून उभे केले. हळदकुंकू वाहून झाले. दादू आंघोळीला मागच्या दारी गेला होता. गंगा तुळशीजवळ बसून नवं बांधत होती. नवं म्हणजे भाताच्या कोवळ्या लोंब्यांची आंब्याच्या पानात गुंडाळलेली जुडी. ती दसऱ्याला दारावर बांधतात. डुकरांनी सोडलेल्या कोपऱ्यातून तिने चांगल्या लोंब्या निवडून आणल्या होत्या.

या घराची एक रीत होती. पूजा झाली की रिकाम्या बंदुकीवर एक केप फोडायची. तिला दसऱ्याची केप म्हणत. दादू आदल्या दिवशी बार उपसून काढी, सकाळी गज घालून पुन्हा खात्री करी, आणि नळी समोरच्या काजूच्या डोंगराच्या वर, आभाळाकडे धरून केप फोडी. पटकन एक आवाज होई आणि निळसर धुराचा धागा वर जाई. यंदा हा मान केरूचा होता, म्हणून आदल्या दिवशी दादूने बंदुकीला हात लावला नव्हता.

त्याने बंदूक उचलली तशी गंगा अर्धवट उठली.

“मी आत जाऊ काय?”

“बस तिथंच. तुला भीती वाटते ना, म्हणून तर दाखवतंय. शिकून आलंय मी. बग, चापावर बोट न्हाय. आनि तोंड जमिनीकडे.”

“मोकळी हाय काय?”

“मोकळी,” केरू म्हणाला. त्याने केप बसवली.

बंदूक मोडून पाहण्याजोगी नव्हती, आणि पाहण्याचा जो गज होता तो कुंकू लावून पाटावर ठेवलेला होता. केरूने नळी आपल्यापुढच्या जमिनीकडे केली. सुभेदारांनी शिकवले होते ते त्याने अक्षरशः पाळले, आणि केप फोडण्यासाठी चाप ओढला. परंतु तळेकोंडची जमीन रत्नागिरीच्या मैदानावरच्या बांधासारखी मातीची नव्हती. खळ्यातला शेणाने सारवलेला मातीचा पापुद्रा बोटभर जाड होता, आणि त्याच्याखाली जांभ्याचा अखंड कातळ होता.

बार झाला. त्याचा आवाज काजूच्या डोंगरावर आपटून परत आला. खळ्यात ताटाएवढा लाल खड्डा पडला आणि छरे कातळावरून उसळले. धुरातून केरूने पाहिले तेव्हा गंगा तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसलेली होती. ती ओरडली नव्हती. तिच्या मांडीवर लोंब्या विखुरल्या होत्या आणि त्यांवर रक्ताचे थेंब एकामागून एक पडत होते. तिने डावा तळहात डोळ्यावर घट्ट दाबला होता.

“तुमी मोकळी बोललात,” ती म्हणाली. इतकेच म्हणाली.

मागच्या दारातून दादू ओल्या पंच्यानिशी धावत आला. त्याने खड्डा पाहिला, सुनेला पाहिले, आणि पाटावरचा गज पाहिला. “गज घातलान न्हाय,” तो स्वतःशीच म्हणाला. “ह्यानं गज घातलान न्हाय.”

वाडीतल्या टेम्पोत घालून गंगाला आधी तालुक्याच्या आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेले. पोटरीत तीन छरे होते, हनुवटीत एक, आणि डाव्या डोळ्यात एक. डोळा राखता आला नाही. डॉक्टरांनी ते केरूला व्हरांड्यात उभे करून सांगितले. त्याच्या सदऱ्यावर अजून दसऱ्याचे कुंकू होते. जाणारी-येणारी माणसे आधी कुंकवाकडे आणि मग रक्ताकडे पाहत.

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घेण्यास आले. ते स्टुलावर बसले, गुडघ्यावर कागद घेतला.

“बाई, नेमकं काय झालं ते सांगा. घरात भांडण वगैरे?”

“न्हाय साहेब. मी इचारलं, मोकळी हाय काय. ते बोलले, मोकळी. आनि बार झाला.”

हवालदारांनी केरूकडे पाहिले. “मोकळी होती असं तुम्हांला कोणी सांगितलं?”

“बाबांनी.”

दादू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. “मी खरंच बोललो, साहेब. केप काढून ठेवली होती. केप काढली म्हंजे मोकळी.”

“आणि आत बार होता?”

“बार होता की. चार बोटं.”

“मग मोकळी कशी?”

“केप नवती साहेब.”

हवालदारांनी लेखणी थांबवली. त्यांनी गंगाला विचारले, “आणि तुम्ही विचारलंत तेव्हा, तुमच्या मनात मोकळी म्हणजे काय होतं?”

गंगाच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. एका डोळ्याने ती छताकडे पाहत होती. “माज्या मनात काय असणार, साहेब?” ती म्हणाली. “मला लागणार न्हाय, येवडंच.”

हवालदारांनी ‘अनवधानाने’ असा शब्द लिहिला, आणि तिघांचे अंगठे व सह्या घेतल्या. बंदूक त्यांनी ठाण्यात जमा केली. गज मात्र त्या दिवशीच्या धावपळीत पाटाखाली घसरून गेला होता, तो घरातच राहिला.

गंगा घरी आली तेव्हा भात पिकून पिवळे झाले होते. विश्रांती घ्यायची तर कापणार कोण? पाचव्या दिवशी ती विळा घेऊन मळ्यात उतरली. एका डोळ्याने जवळ काय आणि लांब काय हे कळत नाही. तिची मूठ लोंब्यांच्या अलीकडेच मिटत असे आणि रिकामी परत येत असे. दुसऱ्या खेपेस विळ्याने तिच्या बोटाचे कातडे सोलले. तिने बोट तोंडात घातले, मान कावळ्यासारखी तिरकी केली आणि पुन्हा वाकली. सकाळी चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जाई. केरू तो ओट्यावरचा चहा पुसून काढी, आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राही. तो पुसून होईपर्यंत ती वळत नसे.

दुसऱ्या दिवशी मालन न बोलावता आली आणि गंगाच्या ओळीत शिरून कापू लागली. केरू पेंढ्या बांधत होता. त्याला काहीतरी बोलणे भाग वाटले.

“मी मुद्दाम केलं न्हाय गो, मालन.”

“ठावक हाय,” मालन म्हणाली. “माजा माणूस गेला तवा मारणारा पन असाच बोलला. माज्या पाया पडला. मला दोन मुठी तांदूळ शिजवायचे होते, तो पाय सोडीना.”

दादूने बोलणे जवळजवळ सोडले. तो ओटीवर गज मांडीवर घेऊन बसे आणि अंगठा खाचेवर फिरवत राही. केरू जवळून गेला की तो चार बोटे गजावर आडवी धरून दाखवी. “येवडा वर राह्यला असता,” असे म्हणे, आणि अंगठा पुन्हा खाचेवर नेई. एकदा केरूचा राग अनावर झाला.

“आदी का न्हाय सांगितलंत? येवडी वर्सं गज घालत होतात, एका शब्दानं सांगितलं असतंत तर?”

“तू प्रमाणपत्र घेऊन आलास,” दादू म्हणाला. “मला वाटलं, तिथं आदी ह्येच शिकवलं आसंल.”

पौष महिन्यात काजूला मोहोर आला आणि त्याच सुमारास कचेरीतून कागद आला. चौकशीत अपघात ठरला होता. अर्जदाराची इच्छा असल्यास, प्रशिक्षण पुन्हा पूर्ण करून परवान्यासाठी विचार होऊ शकेल, आणि इच्छा नसल्यास बंदूक सर्व भागांसह कायमची जमा करावी, असे त्यात म्हटले होते. केरूने तो कागद तीनदा वाचला. फोनवर दीपक म्हणाला, “दादा, सोडू नको हां. एकदा सोडलीस की परत मिळायची नाय. पुढच्या वर्षी डुकरं काय कमी होणारेत?”

केरूला ते पटत होते. डुकरांनी त्या हंगामात अर्धे भात नेले होते आणि रताळ्याचा वाफा तर पुरताच उकरला होता. मळ्यातल्या राखणीच्या माळ्यावर बसून डबा वाजवताना त्याचा खांदा भरून येई. त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. बंदूक परत आली आणि ती नीट सांभाळली, तर आपण सगळेच चुकीचे नव्हतो असे ठरेल, असे त्याला वाटे.

गंगा अंगणात तांदूळ निवडत होती. खडे डोळ्याला दिसत नसत म्हणून ती ते बोटांनी चाचपून काढत होती. केरू तिच्या उजव्या बाजूस येऊन बसला. डावीकडून गेले की ती दचकत असे.

“ह्या वेळेस मी इचारीन,” तो म्हणाला. “ठासणीचं काय, ते सगळ्यांपुढं इचारीन. हसले तर हसू देत. चूक शिक्षणाची न्हाय गो. सुबेदार बोलले होते, बापानं सांगितलं तरी बगायचं. मीच बगितलं न्हाय.”

“मी कुठं बोलतंय शिक्षण खोटं हाय?” गंगा म्हणाली. “चांगलंच आसंल. दोन दिवस तुमी शिकलात. पन बंदूक दोन दिवस घरात ऱ्हाणार हाय काय? ती वर्सभर खुंटीला. तुमी दमून येणार, कदी तापानं फणफणणार, कदी माज्यावर चिडणार. मामंजींचे हात कापणार, दीपकभावजी शिमग्याला पिऊन येणार. तुमचं शिक्षण तुमच्या येकट्याच्या डोक्यात, आनि बंदूक सगळ्यांच्या घरात. म्या कुठं शिकायला जायचं? मला तर फकस्त बसायचं होतं तुळशीजवळ.”

केरूला मैदानावरचा हशा आठवला. अयूब उभे होते, हात जोडल्यासारखे पुढे धरलेले, आणि सगळे हसत होते. त्या हशातला आपला स्वतःचा आवाज त्याला सर्वांत मोठा ऐकू आला.

“डुकरं सगळं खातील,” तो म्हणाला.

“खातील,” गंगा म्हणाली. तिने एक खडा शोधून बाजूला टाकला. “भात परत लावता येतं.”

ओटीवर हालचाल झाली. दादू भिंतीला धरून उठला होता. तो हळूहळू पायऱ्या उतरला, खळ्यातल्या त्या खड्ड्याला वळसा घालून आला, आणि त्याने गज केरूच्या मांडीवर ठेवला.

“कागदात काय लिवलाय?” त्याने विचारले. “सर्व भागांसह ना? ह्यो पन भागच हाय.”

दुसऱ्या दिवशी केरू सकाळच्या गाडीने गेला. गज त्याने जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळला होता. गाडीत त्याला कोणी विचारले, “काय हो, छत्री?” तो “हां” म्हणाला. कचेरीतल्या कारकुनाने छापील कागद पुढे सरकवला. त्यात ‘परवाना सोडण्याचे कारण’ अशी एक ओळ होती. केरूने लेखणी हातात घेतली आणि तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मागची रांग खाकरू लागली.

“लिहा काहीतरी,” कारकून म्हणाला. “वय झालं, गरज नाही, काहीही चालतं.”

केरूने सावकाश, शाळेत गिरवल्यासारख्या अक्षरांत लिहिले, “आमच्या घरात जागा नाही.” खाली सही केली. प्रमाणपत्रही त्याने काढून त्यावर ठेवले. कारकून म्हणाला, “हे तुमचंच आहे, हे परत न्या.” तेव्हा त्याने ते घडी घालून खिशात ठेवले. घडी त्याच्या नावावरून गेली.

तो वाडीत पोहोचला तेव्हा सूर्य सड्याच्या कडेला टेकला होता. खालच्या मळ्यात मालनचा डबा वाजू लागला होता. गंगा दारात उभी होती. दसऱ्याला बांधायचे राहिलेले नवं तिने नंतर कधीतरी बांधले होते, आणि त्या वाळलेल्या लोंब्या तिच्या कपाळाशी हलत होत्या. पावलांचा आवाज ऐकून तिने मान तिरकी केली आणि चांगला डोळा त्याच्याकडे वळवला.

“झालात मोकळे?” तिने विचारले.

तो शब्द केरूच्या ओठांपर्यंत आला, पण त्याच्याने तो उच्चारवला नाही. तो तिच्या उजव्या बाजूने अगदी जवळ गेला, जेथे तिला नीट दिसेल तेथे उभा राहिला, आणि त्याने दोन्ही हात उघडून तिच्यापुढे धरले. गंगाने पाहिले. परंतु नुसत्या पाहण्यावर तिचे समाधान झाले नाही. तिने आपला हात पुढे केला, आणि त्याचे दोन्ही तळवे बोटांनी चाचपून पाहिले.

ही कथा येथे संपली. मी इयत्ता आठवीपर्यंत शिकलेला मनुष्य आहे. लिहिण्यात जेथे उणे राहिले असेल तेथे वाचकांनी मोठ्या मनाने समजून घ्यावे. आपला अमूल्य वेळ देऊन आपण केरू, गंगा आणि दादू यांच्यासोबत शेवटपर्यंत बसलात, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
काशीराम बाळू रावणंग